भुसा पाहा, मग जोर लावा

17 मे 2021 ही तारीख आम्ही वसईकर सहजी विसरणार नाही. तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेलं आणि वाड्यांमधले माड, आंबे, केळी आडवे झाले. आमच्या गल्लीच्या तोंडावर एक जुना आंबा पडला होता आणि आतल्या घरातल्या एका आजींना सकाळी डायलिसिसला न्यायचं होतं. शेजारच्या तरुणाने कुठूनशी चेन-सॉ, म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत, आणली. आवाज कानठळ्या बसवणारा. पण अर्ध्या तासात खोड चार बोटंसुद्धा कापलं गेलं नाही. नुसता धूर! आम्ही आपले ओरडतोय, ‘‘दाब, अजून दाब!’’

इतक्यात वाडीत काम करणारे एक काका आले. त्यांनी खाली पडलेला भुसा चिमटीत धरला आणि म्हणाले, ‘‘मशीन बंद कर, बाबा. हिला जोर नको, कानस हवी.’’ वीस-पंचवीस मिनिटं त्यांनी साखळी घासली. तासाभरात वाट मोकळी झाली, आजी वेळेवर पोहोचल्या. मी कविता लिहिणारा माणूस. यंत्राशी माझं नातं दुरूनच. पण त्या दिवसापासून काकांच्या मागे लागून हे शास्त्र समजून घेतलं.

या साखळीचा दाता साध्या करवतीसारखा टोकदार नसतो. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने 1946 मध्ये लाकूड पोखरणारी एक अळी पाहिली. तिचे जबडे डावी-उजवीकडे चालत होते. त्यावरून त्याने बाकदार दात्याची साखळी बनवली. आजच्या बहुतेक साखळ्या त्याच जातीच्या. म्हणजे हा दाता लाकूड ओरबाडत नाही, रंध्यासारखं तासतो. म्हणून पहिली परीक्षा भुशाची. ढलप्या पडत असतील तर धार ठीक. पिठासारखी पूड पडत असेल तर दाते बोथट झाले.

धार लावायची ती गोल कानशीने. साखळीच्या मापाप्रमाणे कानस 4, 4.8 किंवा 5.2 मिलिमीटरची लागते. माप माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. बहुतेक साखळ्यांना कोन सुमारे 30 अंशांचा. कानस दात्याच्या आतून बाहेर ढकलायची आणि परत आणताना उचलायची. आधी एका बाजूचे सगळे दाते, मग दुसऱ्या बाजूचे.

आता तक्रारी. धार लावली, तरी काप वाकडा जातो? बहुतेकांचा एक हात जास्त चालतो, त्यामुळे एका बाजूचे दाते आखूड होतात. मग करवत लांब दात्यांच्या बाजूला ओढली जाते. सर्वांत आखूड दाता शोधून बाकीचे त्याच्या मापाला आणा आणि पुढच्या वेळी प्रत्येक दात्याला मोजून तितकेच हात मारा. तरीही वाकडंच जात असेल, तर साखळी ज्या पट्टीवर फिरते तिच्या कडा झिजल्यात का ते बघा.

धार आहे, पण काप पुढे सरकत नाही? प्रत्येक दात्यापुढे एक छोटा उंचवटा असतो. दात्याने किती खोल चावायचं ते तो ठरवतो. दात्याचा माथा मागे उतरता असल्याने घासता घासता दाता बुटका होतो आणि हा उंचवटा वर राहतो. तो दात्यापेक्षा साधारण 0.65 मिलिमीटर खाली हवा. चपट्या कानशीने, माप लावूनच घासा. जास्त घासला तर करवत लाकडाला हिसके देते, उसळून अंगावर येऊ शकते.

धार लगेच जाते? आपल्याकडे याची कारणं भरपूर. पडलेल्या झाडाला चिकटलेली वाळू, खोडात रुतलेले खिळे, कपडे वाळत घालायची तार. माडाच्या खोडातही गारेसारखे कण असतात. खिळा लागलेल्या दात्याच्या माथ्यावरचा क्रोमचा कठीण मुलामा उडतो. चांगला मुलामा दिसेपर्यंत मागे घासावं लागतं. वरवर चकाकी आणून भागत नाही.

आणि धार असूनही धूर येत असेल, तर पट्टीला तेल पोहोचतंय का, साखळी फार आवळली आहे का, ते पाहा. गरम साखळी आवळून तशीच ठेवू नका. थंड झाल्यावर ती आकसते.

हे सगळं मशीन बंद करून, जाड हातमोजे घालून. काकांचं एक वाक्य मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. बोथट करवत धारदार करवतीपेक्षा जास्त धोक्याची, कारण तिच्यावर माणूस जोर लावतो आणि जोर लावला की हात सुटतो. पावसाळ्याआधी आपण छत्री उघडून बघतो ना? सोसायटीत, वाडीत करवत असेल, तर तिची साखळीही तेव्हाच पाहून ठेवा. झाड पडल्यावर कानस शोधायला वेळ नसतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)