जुडीवरची गाडी

सन 2016 च्या ऑक्टोबरात, आइंडहोव्हनजवळच्या एका खेड्यातील कोठारात, ताडपत्रीखाली निजलेली 1984 सालची माझदा आरएक्स-7 जेव्हा मी प्रथम पाहिली, तेव्हा ती इतकी स्वस्त का, हे विचारण्याइतके तारतम्य माझ्या ठायी उरले नव्हते. आणि प्रश्नच आला नाही म्हणून विक्रेत्यानेही उत्तराची तसदी घेतली नाही.

कराची तजवीज मात्र मी आधीच वाचून ठेवली होती. 2014 पासून नेदरलँड्समध्ये चाळीस वर्षे पुरी झालेल्या गाडीला वाहनकर माफ असून, त्याहून तरुण परंतु 1988 पूर्वी रस्त्यावर आलेल्या पेट्रोलच्या गाडीला चौथाई दराची सवलत मिळते; अट एवढीच की डिसेंबर, जानेवारी व फेब्रुवारी हे तीन महिने तिने सार्वजनिक रस्त्यावर धावता तर कामा नयेच, पण उभीही राहता कामा नये. हे फर्मान मी साताऱ्यास अण्णांना फोनवर वाचून दाखवले. तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून आयुष्य वेचलेल्या त्या गृहस्थांना त्यात काहीच नवल वाटले नाही. “अरे, ही तर जुडी इनामाची जमीन झाली! आज थोडा सारा, पुढे पुरती माफी. तीन महिने पडीक ठेव म्हणजे झालं.” माझ्या दुरुस्तीचे पंचांग असे डच महसूल खात्यानेच आखून दिले.

पहिला हिवाळा गंजाने खाल्ला. येथील रस्त्यांवर बर्फाच्या दिवसांत मीठ टाकतात, आणि चाकांवरच्या कमानी व दारांखालचा पत्रा यांची त्याने जी चाळण केली होती, तिच्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. कापले आणि नवे ठिगळ वेल्ड केले.

दुसऱ्या हिवाळ्यात इंजिन खोलले, आणि स्वस्ताईचे मर्म तेथे उघड झाले. या इंजिनात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. फुगीर बाजूंचा एक तिकोनी रोटर कमरेशी किंचित आवळलेल्या कोठीत डोलत फिरतो आणि त्याच्या एका फेऱ्यात मधला दंड तीन फेरे घेतो. असे दोन रोटर मिळून क्षमता अवघी 1146 घन सेंटिमीटर. पुडाच्या डब्याप्रमाणे थरावर थर रचून लांबलचक बोल्टांनी सारे आवळलेले असते; थर उतरवताना मला शाळेतल्या डब्याचीच आठवण झाली, फक्त येथे भाजीऐवजी काळे तेल होते. रोटरच्या प्रत्येक टोकाला तीन मिलिमीटर जाडीची पट्टी, म्हणजे सील. कोठीच्या भिंतीला ती सतत घासत राहते आणि तीन दालनांची हवा एकमेकांपासून अलग ठेवते. माझ्या सहांपैकी दोन पट्ट्या झिजून गेल्या होत्या, व पाणी अडवणारी रबरी कडी कडक होऊन तुटली होती; पांढऱ्या धुराचे कारण तेच.

या इंजिनाची धास्ती निराधार नव्हे. फेलिक्स वांकेलची कल्पना जर्मनीच्या एनएसयूने 1967 च्या आरओ-80 मध्ये घातली आणि सीलांच्या तक्रारींनी ती कंपनी जेरीस आली. सित्रोएनने 1973 मध्ये काढलेल्या बिरोटरच्या जेमतेम 847 गाड्या बनवून त्यांतल्या बऱ्याचशा परत विकत घेतल्या व मोडीत काढल्या. त्याच जातीचे इंजिन हेंक व्हान फेन या डच गृहस्थाने मोटारसायकलवर बसविले. ओसीआर 1000 नावाच्या त्या शंभर अश्वशक्तीच्या यंत्राच्या अवघ्या 38 प्रती निघाल्या, आणि हे साहस व्यवहारदृष्ट्या कितीही वेडे असो, मला ते मनापासून आवडते. टिकले ते हिरोशिमात, माझदाकडे. तेथे केनिची यामामोतो आणि त्यांच्या 46 सहकाऱ्यांनी, कोठीच्या भिंतीवर सील ज्या लाटा कोरत असत व ज्यांना ते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत, त्यांच्याशी झुंजून प्रश्न सोडवला. माझ्या कोठीवर तसे ओरखडे नव्हते, म्हणूनच ती वाचली.

तिसरा हिवाळा जोडणीचा. नव्या सीलांखालच्या चिमुकल्या स्प्रिंगा जागच्या हलू नयेत म्हणून त्या व्हॅसलिनमध्ये चिकटवून बसवायच्या असतात. यंत्रशास्त्राच्या पदवीने मला हे शिकविले नव्हते. 1 मार्च 2019 रोजी, म्हणजे बंदीची मुदत संपल्याच्या पहिल्याच दिवशी, चोक ओढून चावी फिरवली. व्हॅसलिन व तेल जळून गल्ली अशी धुराने भरली की समोरच्या आजीबाई खिडक्या लावत सुटल्या. पुढे दोनच नियम पाळावे लागले: थंड इंजिन लगेच बंद करायचे नाही, नाहीतर ते पेट्रोलाने भिजून पुन्हा उठत नाही, आणि दर पेट्रोलभरणीला तेल पाहायचे, कारण सीलांना वंगण मिळावे म्हणून एक छोटा पंप मुद्दामच तेल आत जाळायला धाडतो. दोन वर्षांनी येणारी सक्तीची तपासणी ती दोनदा उत्तीर्ण झाली.

एप्रिल 2024 मध्ये चाळीस वर्षे भरली. करमाफीची वार्ता सांगितली तेव्हा अण्णांनी नव्वदीतल्या सावकाश आवाजात विचारले, “माफी मिळाली ते ठीक, पण मग आता दुरुस्ती केव्हा करणार?” त्या डिसेंबरात गाडी कायद्याने प्रथमच मोकळी होती. पहिल्याच आठवड्यात पहाटे मिठाची गाडी आमच्या गल्लीतून गेली, आणि मी गॅरेजचे दार लावून कार्बुरेटर खोलायला घेतला.