बी२७ नाही, म्हणून निर्धास्त?

पोरगा सकाळी अर्धा-अर्धा तास वाकू शकत नाही, आणि आपण म्हणतो, ‘रात्रभर पंख्याखाली झोपलास, मग कंबर धरणारच!’ आमच्या घरीही हेच चाललं. पुढे रक्त तपासलं, एचएलए-बी२७ निघालं नाही, आणि आम्ही निर्धास्त झालो. तिथंच चुकलो.

मणक्यांना सूज आणणारा हा संधिवात म्हणजे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. त्याचं बी२७ या जनुकाशी असलेलं नातं १९७३ साली उघडकीस आलं. पण हे जनुक सगळ्या लोकांत सारखं नाही. कॅनडाच्या हैदा लोकांत जवळजवळ निम्म्यांत, तर जपान्यांत शंभरात एकाकडेही नाही. उत्तर युरोपातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त रोग्यांत ते सापडतं. अमेरिकेतल्या काळ्या रोग्यांत साधारण निम्म्यांतच. त्यातही पोटप्रकार आहेत. सार्डिनिया बेटावरचा एक प्रकार या आजाराशी फारसा जोडलेलाच नाही. आणि बी२७ असलेल्या बहुतेकांना हा आजार कधी होतही नाही! तेव्हा नॉर्वेतला हिशेब डिमोना-अश्दोदमधल्या आपल्या कोकणातून आलेल्या घरांना जसाच्या तसा कसा लागू पडेल?

पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेली, तीन महिन्यांवर टिकलेली, पडून राहिल्यानं वाढणारी आणि हिंडल्या-फिरल्यानं सुटणारी कंबरदुखी असेल, मधूनच डोळा लाल होऊन दुखत असेल, तर सरळ संधिवाताच्या डॉक्टरांकडे जा. मुली-बायकांनीही जावं, हा फक्त पुरुषांचा आजार नव्हे.

आमच्या पोराचं निदान एमआरआयनं झालं, पण चार वर्षांनी.