कोळंबीच्या तळ्यातले पाणी किती दिवसांनी बदलावे?



निमखाऱ्या पाण्यातील कोळंबीचा विषय निघाला की पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत कुठेही गेलो तरी एक प्रश्न ठरलेला असतो. "साहेब, तळ्यातलं पाणी किती दिवसांनी बदलायचं?" विचारणाऱ्याला उत्तर आकड्यात हवे असते. आठ म्हणा, पंधरा म्हणा, म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण केली की मोकळे. उन्हाळी भुईमुगाला जशा पाण्याच्या पाळ्या सांगता येतात, तशा पाळ्या इथेही असतील असे आपण धरून चालतो.

तशी पाळी इथे सांगता येत नाही, आणि कोणी सांगितली तर तिच्यावर विसंबू नये. भुईमुगाला पाणी देताना आपण नसलेली गोष्ट देत असतो. तळ्यात पाणी आधीच आहे. ते काढून दुसरे घालायचे, तर जुन्यात काय बिघडले आणि नव्यात काय येणार, या दोन्ही गोष्टी पाहिल्याशिवाय फळीला हात लावण्यात अर्थ नाही.

पाणी बिघडते कशाने?

मुख्यतः आपण घालतो त्या खाद्याने. खाद्याच्या पोत्यावर प्रथिने ३६ टक्के लिहिलेली असतात. हिशेब केला तर शंभर किलो खाद्यात पावणेसहा किलोच्या आसपास नत्र असते. त्यातले साधारण पाव भाग कोळंबीच्या अंगी लागते. उरलेले सव्वाचार किलो विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि न खाल्लेल्या दाण्यांतून तळ्यातच राहते. शेतीच्या भाषेत बोलायचे तर शंभर किलो खाद्यामागे तळ्यात नऊ-साडेनऊ किलो युरिया पडल्यासारखे झाले! शेवटच्या महिन्यात रोज तीस-चाळीस किलो खाद्य घालणारा शेतकरी दर तीन दिवसांनी एवढा "युरिया" टाकत असतो. बियाणे सोडल्यावरच्या पहिल्या महिन्यात मात्र खाद्य जेमतेम असते. म्हणून सुरुवातीच्या तीस-चाळीस दिवसांत पाणी बदलण्याची गरज बहुधा पडत नाही. उन्हाने आटले तेवढे भरून काढले की पुरे.

या नत्राचा अमोनिया होतो. अमोनियाचे दोन प्रकार पाण्यात एकत्र नांदतात, एक सौम्य आणि एक जहाल. कोणता किती, हे पाण्याच्या सामूवर ठरते. पाणी ३० अंश तापमानाचे आणि सामू ७.५ असेल तर शंभर भाग अमोनियात जहाल भाग दोन-अडीच असतात. सामू ८.५ झाला की तेच भाग अठरा-वीस होतात. आता बघा, तळ्यातले हिरवे प्लवंग दिवसभर उन्हात काम करतात आणि त्यामुळे दुपारी सामू चढतो. म्हणजे सकाळी जे पाणी कोळंबीला सोसते, तेच दुपारी तीनला तिच्या कल्ल्यांना जाळते. एकदाच सकाळी सामू पाहून "ठीक आहे" म्हणणे म्हणूनच पुरेसे नाही. पहाटे आणि दुपारी, दोन्ही वेळा पाहावा. दोहोंत अर्ध्यापेक्षा जास्त फरक पडत असेल तर प्लवंग फार माजले आहेत असे समजावे.

तेच माजलेले प्लवंग रात्री प्राणवायू खातात. पहाटे चार ते सहा ही तळ्याची सर्वांत वाईट वेळ. विरघळलेला प्राणवायू लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नये. कोळंबी कडेला येऊन वर तरंगू लागली तर एअरेटर आधी चालू करावेत. पाणी बदलण्याचा विचार त्यानंतर. पहाटेच्या अंधारात घाईने खाडीचे पाणी आत घेणारे पुष्कळ आहेत. खाडीला त्या वेळी ओहोटी असली तर ते पाणीही काही फार बरे नसते.

नवे पाणी म्हणजे चांगले पाणी नव्हे

१९९० च्या सुमारास आपल्या देशात टायगर कोळंबीचे पीक जोरात वाढले. तेव्हा अनेक ठिकाणी रोज दहा ते तीस टक्के पाणी बदलण्याची रीत होती. जितके बदलू तितके चांगले, असा समज. १९९४-९५ साली पूर्व किनाऱ्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला आणि तो समज मोडला. हा रोग विषाणूचा आहे. तो लागलेले तळे तीन ते दहा दिवसांत रिकामे होऊ शकते, आणि त्यावर औषध नाही. माणसाला त्यापासून काही होत नाही, पण शेतकऱ्याचे होते ते होतेच. विषाणू पाण्यातून, जंगली कोळंबीतून, चिंबोऱ्या-खेकड्यांतून येतो. म्हणजे शेजारच्या तळ्याने खाडीत सोडलेले पाणी आपण पंप लावून आत घेतले, तर रोग विकत आणण्याचेही कारण नाही. तो डिझेलच्या खर्चात फुकट मिळतो.

२००९ पासून आपल्याकडे व्हेनामी कोळंबीला परवानगी मिळाली. तिचे बियाणे रोगमुक्त म्हणून तपासून येते, पण रोगमुक्त म्हणजे रोगाला न जुमानणारे नव्हे. पाण्यातून विषाणू आला तर तीही मरते. एवढ्यासाठी आता जाणकार सांगतात की पाणी शक्य तितके कमी बदला, आणि बदलाल ते साठवण तळ्यातून बदला. माझेही मत तेच आहे. साठवण तळ्यासाठी जागा काढायची म्हटले की शेतकरी नाराज होतो. चार तळ्यांतले एक रिकामे ठेवायचे म्हणजे पाव उत्पन्न गेले, असे तो म्हणतो. चारही तळी गेली तर किती गेले, हाही हिशेब त्याने कागदावर मांडावा.

साठवण तळ्यात पाणी घेताना दर इंचास साठ छिद्रांच्या बारीक जाळीच्या पिशवीतून गाळून घ्यावे. मग ब्लीचिंग पावडर टाकून त्यातले खेकडे, मासळीची अंडी, जंगली कोळंबीची पिल्ले मारावीत. प्रमाण हजार लिटरला साठ ग्रॅमच्या आसपास असते, पण पावडर जुनी असेल तर तिचा जोर उतरलेला असतो, म्हणून मत्स्य अधिकाऱ्याला विचारूनच ठरवावे. क्लोरीन पूर्ण उडून गेल्याची चाचणी झाल्याशिवाय ते पाणी कोळंबीवर सोडू नये. यात काही दिवस जातात. पाणी बिघडल्यावर साठवण भरायला घेणे म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणे.

किती बदलावे?

ताकाची हंडी घ्या. तिच्यातून दहावा हिस्सा ताक काढा आणि तेवढेच पाणी घाला. असे दहा वेळा करा. हंडीत आता निव्वळ पाणी उरले का? नाही. शंभरातले पस्तीस भाग ताक अजून आहेच, कारण दुसऱ्या वेळेपासून तुम्ही ताकाबरोबर नवे पाणीही बाहेर काढत होता. तळ्याचेही असेच. रोज दहा टक्के बदलले की दहा दिवसांत पाणी नवे झाले, ही समजूत चुकीची आहे. शिवाय खाद्य रोज पडतच असते. म्हणून पाणी बदलून घाण संपत नाही, ती फक्त पातळ होते. घाण कमी करायची तर खाद्याला हात घालावा लागतो. चेक ट्रेमध्ये दोन तासांनी दाणे शिल्लक दिसले तर पुढचे खाद्य कमी करा. पंपाच्या डिझेलपेक्षा हा उपाय स्वस्त, आणि तो आधी करायचा.

एवढे करूनही बदलायची वेळ आलीच तर एका वेळी दहा, फार तर पंधरा टक्के. एक एकर तळ्यात चार फूट पाणी असेल तर दहा टक्के म्हणजे सुमारे पाच इंच उतरवायचे, आणि हे पाच इंच जवळजवळ पाच लाख लिटर होतात. दोन-तीन दिवस थांबून पुन्हा मोजावे आणि गरज असेल तर पुन्हा तेवढेच बदलावे. एकदम निम्मे पाणी बदलले तर सामू, तापमान, क्षारता सगळेच झटक्यात हलते. अमोनियातून वाचलेली कोळंबी त्या धक्क्याने आजारी पडते. कात टाकलेली कोळंबी अंगाने मऊ असते, तिला हा धक्का अजिबात सोसत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास बरीच कोळंबी कात टाकते. पाण्यावर किंवा चेक ट्रेमध्ये टरफले दिसली तर दोन दिवस थांबा.

पाणी काढताना ते तळातून काढावे. घाण खाली असते. वरच्या फळ्या काढून स्वच्छ पाणी सोडून देणे आणि काळा गाळ तसाच ठेवणे, असा उलटा प्रकार सर्रास दिसतो. उघाडीच्या खालच्या फळ्या उचलता येतील अशी सोय बांधतानाच करावी.

मग वेळ आली हे ओळखायचे कसे? सामू आणि प्राणवायूचे वर सांगितले. आणखी एक साधे साधन घरी करता येते. जेवणाच्या ताटलीएवढी पत्र्याची गोल चकती घ्या, तिचे चार भाग आडून काळे-पांढरे रंगवा आणि सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या काठीला खाली आडवी बसवा. सकाळी दहाच्या सुमारास ती पाण्यात बुडवा. तीस ते चाळीस सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर प्लवंग बेताचे आहेत, पाण्याला हात लावू नका. पंचवीसच्या आतच दिसेनाशी झाली तर पाणी दाट झाले आहे, थोडे बदला. आणि काल हिरवे असलेले पाणी आज एकाएकी नितळ झाले, वर फेस आला, तर खूश होऊ नका. प्लवंग मेले आहेत, आता ते तळाशी कुजणार. त्या दिवशी खाद्य तोडा, एअरेटर चालू ठेवा आणि साठवणीतले पाणी बेताने घ्या.

उधाण, भांग आणि पाऊस

साठवण तळे भरायचे ते उधाणाला. अष्टमीच्या भांगाला खाडीचे पाणी पुरेसे चढत नाही. भरतीची ढोबळ वेळ काढायला आपल्या कोळी बांधवांचा हिशेब आहेच, तिथीची पाऊणपट. भरतीचे पहिले पाणी मात्र घेऊ नये. ओहोटीला बाहेर गेलेली घाण तेच पुन्हा आत आणते. भरती पाऊण चढली की जाळी लावून पाणी घ्यावे.

मार्च ते मे या महिन्यांत पाणी रोज पाव इंचाच्या आसपास उडते. उडते ते पाणी, मीठ मागे राहते. पंचवीस क्षारतेच्या चार फूट तळ्यात महिनाभर आटलेले पाणी पस्तीस क्षारतेच्या खाडीच्या पाण्याने भरत गेलात, तर महिनाअखेर क्षारता तिशीच्या पुढे जाते आणि वाढ मंदावते. म्हणून उन्हाळी पिकाचे बियाणे उशिरा सोडू नये. क्षारता कमी करण्यासाठी किनाऱ्यालगतच्या विहिरींवर पंप लावणे तर मुळीच नको. तुमच्या तळ्यापायी गावाची पिण्याची विहीर खारी होईल.

मोसमी पावसाचे उलटे. पहिल्या जोराच्या सरीनंतर गोडे पाणी हलके म्हणून वरच थर करून राहते. अशा वेळी, आणि फक्त अशाच वेळी, वरच्या फळ्या काढून वरचे पाणी सोडावे आणि एअरेटरने उरलेले ढवळावे. पावसाआधी बांधाच्या कडेने चुना भुरभुरून ठेवला तर वाहून येणाऱ्या पाण्याने सामू कोसळत नाही. क्षारतेत एका दिवसात तीन-चारपेक्षा जास्त फरक पडू देऊ नये.

तळ्यातून काढलेले पाणीही कोणाच्या तरी खाडीत जाते. ते गाळ बसेपर्यंत वेगळ्या खड्ड्यात थांबवून मगच सोडावे. २००५ च्या कायद्याने आलेल्या तटीय जलकृषी प्राधिकरणाकडे तुमच्या तळ्याची नोंदणी असते, तिच्या अटी एकदा कोणाकडून तरी वाचून घ्या. कोळंबी रोगाने मरू लागली तर उघाडी बंद करा. एक थेंबही बाहेर जाऊ देऊ नका, ब्लीचिंग टाकून पाणी आठवडाभर कोंडून ठेवा, आणि त्याच दिवशी आजूबाजूच्या तळेवाल्यांना सांगा. लाजेने लपवून रात्री फळ्या काढणारा सगळ्या खाडीचे पीक बुडवतो. त्याचे स्वतःचे पुढचे पीकही त्याच खाडीच्या पाण्यावर यायचे असते.

पाणी तपासायला न्यायचे असेल तर प्लास्टिकची बाटली तळ्याच्याच पाण्याने तीनदा विसळा. कडेपासून दूर, हातभर खोल बुडवून भरा आणि हवा न ठेवता पाण्यातच बूच लावा. तळ्याचे नाव, तारीख आणि वेळ बाटलीवर लिहा आणि सावलीतून त्याच दिवशी पोचवा. शिळ्या पाण्यातला अमोनिया खरा येत नाही. सामू आणि प्राणवायू तळ्याकाठीच मोजायचे. ते बाटलीतून नेता येत नाहीत.