कॅलाथियाची पानं कडेनं करपतायत? आधी पाणी बदला

नर्सरीतून हौसेनं आणलेलं कॅलाथिया महिनाभर छान दिसतं. मग पानांच्या कडा तपकिरी होतात, पानं गुंडाळायला लागतात. तहान लागली असेल म्हणून घरचे आणखी पाणी ओततात आणि झाड हातचं जातं. बऱ्याचदा दुखणं वेगळंच असतं: पाण्यातले क्षार.

हे झाड मूळचं अमेरिका खंडातल्या उष्ण, दमट जंगलांतलं, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं. आपली हळद, केळी, कर्दळ हे त्याचे लांबचे भाऊबंद. रात्री त्याची पानं वर उभी राहतात, सकाळी पुन्हा पसरतात. हा रोग नाही, सवय आहे.

पाणी कोणतं द्यायचं?
बोअरच्या जड पाण्यातून क्षार झाडात जातात. पाणी पानांतून उडून जातं, क्षार मात्र टोकाला साठतात आणि तिथूनच पान करपतं. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसला तर समजून घ्या. पाणी उकळून सगळे क्षार जात नाहीत. रात्रभर उघड्या बादलीत ठेवल्यानं क्लोरीन कमी होतो, क्षार तसेच राहतात. पावसाचं साठवलेलं पाणी सगळ्यात चांगलं, नाहीतर आरओचं. आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी मात्र अजिबात नको, त्यात क्षार जास्त असतात.

किती आणि कधी?
वारावर जाऊ नका. बोट मातीत घालून पाहा, वरचा थर सुकला असेल तरच पाणी द्या. कुंडीला खाली भोक हवंच. नुसती काळी माती पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात. कोकोपीट, गांडूळखत आणि थोडी जाड वाळू मिसळा.

जागा कुठली?
उजेड हवा, पण थेट ऊन नको. खिडकीला पातळ पडदा असेल तर उत्तम. कूलर-पंख्याचा थेट झोत टाळा. उन्हाळ्यात हवा कोरडी झाली की पानांखाली लाल कोळी येतो. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्यानं पानं दोन्ही बाजूंनी पुसा.

करपलेली कड पुन्हा हिरवी होत नाही, त्यामुळे जुनं पान बघून निराश होऊ नका. पाणी बदलल्यावर नवं पान कसं येतं ते बघा. ते स्वच्छ निघालं, तर झाड वाचलं.