पगाराची अपेक्षा सांगण्यापूर्वी खाटांची संख्या विचारा

नवी दिल्ली : दिल्लीतील नर्सिंग होममध्ये परिचारिकेच्या पदासाठी मुलाखत देताना ‘पगाराची अपेक्षा किती?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. संकोचापोटी अनेकदा मिळत असलेल्या पगारात थोडी भर घालून आकडा सांगितला जातो. प्रत्यक्षात या उत्तराचा खरा आधार रुग्णालयातील खाटांची संख्या हा आहे.

खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा विचार करण्यासाठी समिती नेमण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी केंद्र सरकारला दिला. समितीच्या शिफारशीनुसार २०० हून अधिक खाटा असल्यास राज्य सरकारच्या परिचारिकेइतके वेतन द्यावे. १०० ते २०० खाटांसाठी ते फार तर १० टक्के, तर ५० ते १०० खाटांसाठी २५ टक्के कमी असावे. ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी महिना किमान २० हजार रुपये द्यावेत. रजा आणि कामाचे तासही सरकारी सेवेप्रमाणे असावेत.

दिल्ली सरकारने जून २०१८ मध्ये या शिफारशींच्या अंमलबजावणीचा आदेश काढला. त्याला दिलेले आव्हान दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये फेटाळले. मात्र नोएडा उत्तर प्रदेशात आणि गुरुग्राम हरियाणात असल्याने तेथे दिल्लीचा आदेश चालत नाही. केवळ शिफारशींचा दाखला देता येतो.

सांगितलेली रक्कम भविष्य निर्वाह निधीच्या कपातीपूर्वीची की हाती पडणारी, हेही विचारून नेमणूकपत्रात नमूद करून घ्यावे. २० हजार हा समितीने शिफारस केलेला किमान आकडा आहे. अनुभवी परिचारिकेने त्याहून अधिक मागण्यास संकोच करू नये.