नेम चुकतो तो बंदुकीचा नव्हे, पकडीचा!

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला देगलूर भागातली मंडळी दरवर्षी जातात. जनावरांचा बाजार बघून झाला की पाय आपोआप फुग्यांच्या फळीकडे वळतात. छऱ्याची बंदूक हातात येते, आपण ती खांद्याशी घट्ट आवळतो, दात-ओठ खाऊन घोडा ओढतो आणि छरा दोन फुग्यांच्या मधून जातो. पाच छरे संपले की आपण म्हणतो, "बंदूकच वाकडी हाय याची!"

कधी कधी ती वाकडी असतेही. पण तीच बंदूक फळीवाला सैल हाताने उचलतो आणि ओळीने तीन फुगे फोडतो. मग वाकडं काय होतं? बंदूक की आपली पकड?

वाचकहो, हा प्रश्न नुसता यात्रेतल्या गमतीचा नाही. आपल्याकडे कुणी आखाड्यावर असावी म्हणून, तर कुणी पोराला नेमबाजीचा नाद लागावा म्हणून स्प्रिंगची एअर रायफल घेतो. आठ दिवसांत "नेम लागत नाही" अशी तक्रार सुरू होते. मग कुणी नळी ठोकून बघतो, कुणी मिस्त्रीकडून दणकट स्प्रिंग बसवून घेतो. चांगल्या बंदुकीचं वाटोळं होतं आणि नेम होता तिथंच राहतो.

आत काय घडतं?

नळी मोडून आपण बंदूक चढवतो, तेव्हा आतली जाड स्प्रिंग दाबली जाते आणि तिच्यापुढचा दट्ट्या मागे अडकतो. घोडा ओढला की दट्ट्या सुटून पुढे धावतो. सायकलच्या पंपासारखी पुढची हवा दाबली जाते आणि ती हवा छऱ्याला ढकलते.

आता नीट लक्ष द्या. जड दट्ट्या पुढे धावतो तेव्हा बंदूक आधी मागे सरकते. दट्ट्या टोकाशी जाऊन हवेच्या गादीवर थांबतो, तेव्हा तीच बंदूक पुढे हिसका घेते. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. पण छरा तोवर नळीतच असतो! म्हणजे बंदूक हलत असतानाच तो बाहेर पडतो. बारुदाच्या बंदुकीत गोळी फार लवकर निघून जाते, म्हणून ती बंदूक पोत्यावर घट्ट दाबून धरली तरी चालतं. स्प्रिंगच्या बंदुकीला ही दांडगाई चालत नाही.

तुम्ही बंदूक आवळली तर ती एका तऱ्हेने हलते, सैल धरली तर दुसऱ्या तऱ्हेने. प्रत्येक वेळी पकड बदलली, तर प्रत्येक छरा वेगळ्या जागी लागणार. हिसका थांबवणं आपल्या हातात नाही. तो दर वेळी सारखा ठेवणं मात्र आहे.

पकड कशी असावी?

डावा तळहात उघडा ठेवा आणि बंदुकीचं लाकूड त्यावर नुसतं टेकवा. बोटांनी आवळू नका. अंड्यांची टोपली तळहातावर तोलावी तसं. दस्ता खांद्याला हलकेच लागलेला असावा, गालही नुसता टेकलेला. उजव्या हाताची मूठ सैल आणि घोडा बोटाच्या पेराने सरळ मागे ओढायचा, झटका द्यायचा नाही. छरा सुटल्यावरही क्षणभर तसंच थांबा, लगेच मान वर काढू नका. तोफ सुटल्यावर जशी मोकळी मागे सरकते, तशी बंदूक सरकू द्यायची. म्हणून या पकडीला जाणकार 'तोफेची पकड' म्हणतात.

तळहाताची जागा पेन्सिलीने लाकडावर खूण करून ठेवा. जागा दोन बोटं पुढे-मागे झाली, तरी छरा दुसरीकडे जाऊ शकतो.

बंदूक दगडावर, बाजेच्या माचव्यावर किंवा झाडाच्या फांदीवर थेट टेकवू नका. कठीण वस्तूवरून ती उसळते. टेका हवाच असेल तर पोत्यावर हाताची पालथी बाजू ठेवा आणि बंदूक तळहातावर.

बैठक कशी असावी?

पोटावर झोपून मारणं सगळ्यांत स्थिर. त्याखालोखाल बसून, दोन्ही कोपरं गुडघ्यांच्या आतल्या बाजूला टेकवून. हाडावर हाड टेकवू नका, ते घसरतं. उभ्याने मारायचं तर डावं कोपर बरगडीला टेकवा, म्हणजे वजन दंडावर न येता हाडांवर येतं.

नेम धरून डोळे मिटा, एक श्वास घ्या, अर्धा सोडा आणि डोळे उघडा. माशी निशाणावरून सरकली असेल तर हाताने बंदूक ओढू नका, बसण्याची दिशा बदला. आणि ज्या बैठकीत मारणार, त्याच बैठकीत माशी जुळवा. झोपून जुळवलेली बंदूक उभ्याने वेगळीकडे मारते.

स्वतः करून बघा

तीस-बत्तीस फुटांवर, म्हणजे १० मीटरवर, वाळूच्या पोत्यावर कागद लावा. मागे मातीचा ढीग हवा. पत्रा किंवा दगड नको, छरा उलटा येतो. पाच छरे घट्ट आवळून, पाच दगडावर टेकवून आणि पाच उघड्या तळहातावरून मारा. एकाच डबीतले छरे वापरा. तिन्ही कागद शेजारी ठेवले की वेगळं सांगायला नको.

छऱ्याशिवाय घोडा कधी ओढू नका. पुढे हवेची गादी तयार होत नाही आणि दट्ट्या टोकावर आपटून सील फुटतं. लाकडाचे स्क्रूही अधूनमधून आवळा.

कायदा आणि डोळा

४.५ मिलिमीटर नळीच्या, २० ज्यूलपर्यंत जोराच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. जोर त्यापुढे गेला की प्रकरण बदलतं. म्हणून स्प्रिंग बदलण्याचे उद्योग करू नका. ज्वारीवरच्या पोपटावर, मोरावर छरा मारणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. पाखरं हाकायला गोफण आहे, डबा आहे. रानडुकराला छऱ्याने काही होत नाही, ते जखमी होऊन अंगावर येतं तेवढंच. आणि माणसाचा डोळा गेला तर परत येत नाही. पोराच्या हाती बंदूक असताना मोठं माणूस शेजारी हवंच. गावातल्या पोलीस पाटलांनी आणि गुरुजींनी हे एकदा चावडीवर सांगावं.

कांबळवाडीचं पोरगं

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक आणलं. गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने, अशा तीन बैठकींची ही स्पर्धा. त्याची रायफल बारुदाची होती, पण कस लागतो तो बैठकीचाच. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला झोपून मारायच्या प्रकारात जगज्जेत्या झाल्या. १० मीटर एअर रायफलीत तर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो, ज्वारीच्या दाण्याहून कितीतरी लहान!

तिथं ताकद कामाला येत नाही. दर वेळी तीच बैठक, तीच पकड आणि तोच श्वास, एवढंच लागतं. आपल्या पोरांना ते जमणार नाही असं थोडंच आहे? पुढच्या वर्षी माळेगावला फुगा हुकला, तर बंदुकीला नावं ठेवण्याआधी डावी मूठ तेवढी उघडून बघा.