म्हातारा 'भ्रमला', म्हातारी 'रुसली' म्हणून सोडून देऊ नका! म्हातारपणच्या मनाच्या आजारावर इलाज आहे, कायदाही पाठीशी आहे

जालना : दिवाळी झाली की मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतल्या कितीतरी घरांना कुलूप लागतं. तरणी माणसं ऊसतोडीला जातात, कुणी पुण्याला, कुणी वाळूजच्या कंपनीत. घरी उरतात आजी-आजोबा, आणि कधी त्यांच्या जिवावर ठेवलेली लेकरं. या दिवसांत आजीनं जेवण टाकलं, आजोबा बोलायचे बंद झाले, रात्र-रात्र जागू लागले, तर गावात एकच उत्तर मिळतं : "वय झालं आता, असंच असतं."

पण सगळंच वयामुळं होत नाही. बऱ्याचदा तो आजार असतो आणि त्यावर औषध असतं.

100 मध्ये 8 जण, पण कळतं किती जणांना?

केंद्र सरकारच्या पुढाकारानं 2017-18 मध्ये देशभर ज्येष्ठांची मोठी पाहणी झाली, तिचं नाव 'लासी'. त्यात 60 वर्षांवरच्या 100 पैकी साधारण 8 जणांत उदासीनतेच्या आजाराची, म्हणजे डिप्रेशनची लक्षणं दिसली. पण 'डॉक्टरांनी मला हा आजार सांगितला' असं म्हणणारे 100 मध्ये एकसुद्धा पूर्ण भरले नाहीत. म्हणजे दहातले नऊ जण आजार अंगावर काढतात. स्मृतिभ्रंशाचे, म्हणजे डिमेन्शियाचे रुग्णही देशात 88 लाखांच्या घरात असल्याचा याच पाहणीवर आधारलेला अंदाज आहे.

तीन आजार, तीन वेगळ्या गोष्टी

*उदासीनता :* दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस कशातच मन लागत नाही. भूक, झोप जाते. म्हातारी माणसं "मला उदास वाटतं" असं सहसा म्हणत नाहीत. ती म्हणतात, "अंग दुखतंय, पोट गच्च झालंय, डोकं जड आहे." तपासण्या चांगल्या येतात, दुखणं मात्र हटत नाही. औषध आणि समुपदेशनानं हा आजार बरा होतो. मात्र गोळीचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून गोळी बंद करू नका.

*स्मृतिभ्रंश :* हा महिन्या-वर्षांनी हळूहळू वाढतो. नुकतंच जेवलेलं आठवत नाही, रोजच्या शेताची वाट चुकते, "माझे पैसे सुनेनं चोरले" असा संशय येतो. ती सून वाईट नाही आणि सासूही खोटारडी नाही, मेंदूचा आजार तसं बोलायला लावतो. हा आजार बहुतेक वेळा पूर्ण बरा होत नाही, पण त्रास कमी करता येतो. थायरॉईड किंवा बी-12 च्या कमतरतेनंही विसरभोळेपणा येतो, आणि तो उपचारानं सुधारू शकतो. म्हणून रक्ततपासणी आधी करा.

*अचानक आलेला भ्रम :* कालपर्यंत चांगला असलेला माणूस आज एकाएकी बरळायला लागला, माणसं ओळखेना, तर ती तातडीची वेळ समजा. ताप, लघवीतला जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी-मीठ कमी होणं, साखर कमी होणं, नवीन गोळी सुरू होणं, यातलं काहीही कारण असू शकतं. 108 ला फोन करून लगेच दवाखान्यात न्या. यात 'बाहेरचं' बघण्यात गेलेला एक दिवससुद्धा जिवावर बेतू शकतो.

आणखी एक. झोप येत नाही म्हणून मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या आणू नका. म्हातारपणी त्या गोळ्यांनी तोल जातो, माणूस पडतो, खुब्याचं हाड मोडतं, भ्रमही वाढतो.

जालन्यात सोय काय?

राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं. मराठवाड्यात एकही नव्हतं. राजेश टोपे आरोग्यमंत्री असताना जालन्यासाठी 365 खाटांच्या मनोरुग्णालयाला मंजुरी मिळाली. ही मोठी गोष्ट खरी, पण आपल्या आजी-आजोबांपैकी बहुतेकांना भरती व्हायची गरजच नसते. त्यांना लागतं जवळ मिळणारं औषध, विचारपूस आणि महिन्याची तपासणी. त्यामुळं मोठ्या दवाखान्याची वाट बघत बसू नका.

- गावची आशाताई आणि उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी यांना आधी सांगा. आयुष्मान आरोग्य मंदिरात जी कामं ठरवून दिली आहेत, त्यांत मानसिक आरोग्य आणि ज्येष्ठांची काळजी ही दोन्ही आहेत.
- जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात 1996 पासून सुरू आहे. त्याचे डॉक्टर जिल्हा रुग्णालयात भेटतात. जायच्या आधी ओपीडीचा वार विचारून घ्या, म्हणजे खेप वाया जाणार नाही.
- शेतकरी आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांसाठी राज्यानं 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्यात जालना आहे. त्याच्या सल्ल्यासाठी 104 नंबर.
- टेलिमानस, 14416. ऑक्टोबर 2022 पासून सुरू. चोवीस तास, फुकट आणि मराठीत. पेशंट बोलत नसेल तर घरच्यानं फोन केला तरी चालतो.
- एल्डरलाइन, 14567. सकाळी 8 ते रात्री 8. एकटेपणा, छळ, पेन्शन, कायदा, काहीही विचारा.

कायदा काय म्हणतो?

मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 सालचा, लागू झाला 2018 मध्ये. त्यातल्या चार गोष्टी गावात सगळ्यांना माहीत पाहिजेत.

1) सरकारी दवाखान्यात मानसिक आजारावर उपचार मिळणं हा हक्क आहे, मेहरबानी नाही.
2) मनोरुग्णाला साखळीनं बांधायला मनाई आहे.
3) आजारात निर्णय घेता आला नाही तर आपल्या वतीनं कोण बोलणार, हे साध्या कागदावर सही किंवा अंगठा देऊन आधीच लिहून ठेवता येतं.
4) जीव देण्याचा प्रयत्न केलेला माणूस प्रचंड तणावात होता असंच कायदा धरून चालतो. त्यामुळं पोलीस केसच्या भीतीनं दवाखाना टाळू नका.

दुसरा कायदा 2007 चा, आई-वडील आणि ज्येष्ठांच्या निर्वाहाचा. मुलगा असो की मुलगी, सांभाळत नसेल तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडं अर्ज करता येतो. आपल्या जिल्ह्यात ही कार्यालयं जालना, भोकरदन, अंबड आणि परतूरला आहेत. महिन्याला 10 हजारांपर्यंत निर्वाह भत्ता मिळू शकतो. आई-बापाला वाऱ्यावर सोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, 5 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि शेत पोराच्या नावावर बक्षीसपत्रानं करत असाल तर 'मला सांभाळायचं' ही अट त्या कागदात लिहूनच घ्या. अट लिहिलेली असेल आणि ती मोडली, तर ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं.

घरच्यांनी एवढं करा

- रोज ठरलेल्या वेळी फोन करा. "जेवलात का?" एवढ्यावर ठेवू नका. शेत, पाऊस, भाव, कशाबद्दलही त्यांचा सल्ला विचारा. माणसाला आपली गरज आहे असं वाटलं पाहिजे.
- कमी ऐकू येणारा माणूस चारचौघांत बसायचं सोडतो आणि एकटा पडतो. कान, डोळे तपासा. 65 वर्षांवरच्यांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, श्रवणयंत्र यांसाठी 3 हजार रुपये एकदा मिळतात, त्याच्या अटी पंचायत समितीत विचारा.
- फवारणीचं औषध घरात उघड्यावर ठेवू नका. कुलूप लावा, चावी दुसऱ्याकडं द्या.
- "आता जगून काय करू", "देवानं उचललं तर बरं" हे शब्द हसण्यावारी नेऊ नका. जवळ बसा, सरळ विचारा, "जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का?" विचारल्यानं माणूस त्या वाटेला जात नाही, उलट मोकळा होतो. त्या रात्री त्यांना एकटं ठेवू नका आणि 14416 लावा.
- सांभाळणाऱ्या सुनेला, लेकीला आठवड्यात एखादा दिवस मोकळा द्या. तीही थकते.

गुडघा दुखला तर आपण म्हाताऱ्याला गाडीवर बसवून दवाखान्यात नेतो. मन दुखलं तरी तसंच न्यायचं. हे पाच नंबर मोठ्या अक्षरात लिहून घरच्या भिंतीवर चिकटवा : 108, 104, 14416, 14567 आणि गावच्या आशाताईंचा. बाहेरगावी असाल तर ही माहिती आजच गावच्या ग्रुपवर टाका.